काकाची पांढरी तीन

मागच्या वर्षी कोथरूडमधल्या एका लहानशा सभागृहात काकाच्या कराओके ग्रुपचा कार्यक्रम होता. काका बँकेतून निवृत्त झालेला आणि वीस वर्षांपासून हौसेने गाणारा. त्या दिवशी रफीचं ठरलेलं गाणं त्याने घेतलं आणि पहिल्या अंतऱ्याला अर्धं आवर्तन आधीच उठला. थांबला, हसला, सावरून पुढे गायला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण नंतर चहा पिताना तो म्हणाला, "अरे, तो ट्रॅक माझा नव्हता. माझा पांढरी तीनचा आहे आणि त्यात अंतऱ्याआधी दोन आवर्तनं जास्त आहेत. आता सीडी लावायची कुठे?"

फोनमध्ये यूट्यूबवरचा ट्रॅक होता. त्याची पट्टी अ‍ॅपने दोन घरं खाली आणता येते. काळी तीनची पांढरी तीन होते, त्यात काही अवघड नाही. पण वादनाची लांबी, सुरुवातीच्या चार काड्या, सतारीचा तुकडा कुठे संपतो, हे सगळं त्या ट्रॅकपुरतं असतं. काकाला ताल मोजून उठायची सवय नाही, तो त्या तुकड्याच्या शेवटाची वाट बघतो. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडून सीड्यांची पिशवी आणली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे दोन संध्याकाळींत काम उरकेल असा माझा अंदाज होता. तीन महिने लागले. त्यातला बराचसा वेळ माझ्या हातात नेमकं काय आहे हे समजून घेण्यात गेला.

पिशवीत ८६ सीड्या निघाल्या. ११ परदेशी, इंग्रजी गाण्यांच्या, काकाच्या मेहुण्याने आणलेल्या. ४१ हिंदी-मराठी गाण्यांच्या व्हीसीडी. उरलेल्या ३४ वर मार्करने किंवा बॉलपेनने लिहिलेलं होतं : गाण्याचं नाव, पट्टी, तारीख. या शेवटच्या सीड्या म्हणजे काकाने आणि त्याच्या मित्रांनी एका कीबोर्डवादकाकडून पैसे देऊन करून घेतलेले ट्रॅक.

दिसायला तिन्ही सारख्याच, पण आत तीन वेगळे इतिहास आहेत.

कराओकेची सुरुवात जपानमध्ये झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. कोबे शहरातल्या बारमध्ये साथीला वाजवणाऱ्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली 'ज्यूक ८' नावाचं यंत्र तयार केलं. आत एट-ट्रॅक टेप, बाहेर माइक, आणि नाणं टाकलं की साथ सुरू. त्यांनी पेटंट घेतलं नाही. २००४ साली त्यांना गमतीच्या इग्नोबेल पुरस्कारांपैकी शांततेचा पुरस्कार मिळाला, कारण त्यांनी माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं! त्यांच्याही आधी, १९६७ मध्ये, शिगेइची नेगिशी यांनी तोक्योत असंच यंत्र बनवलं होतं. पहिल्या यंत्रांत पडदा नव्हता, शब्द छापील कागदावर असत. शब्द पडद्यावर आले ते १९८०च्या दशकात, लेझरडिस्कमुळे. पण लेझरडिस्क ताटाएवढी आणि महाग, आपल्याकडच्या घरांत ती आलीच नाही.

आपल्याकडे हौशी गायकाला साथ हवी तर पेटी-तबलेवाला बोलवायचा, नाहीतर ऑर्केस्ट्रात गायची संधी मिळायची वाट बघायची. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये झालेलं गीतरामायण पुढे घरोघरी गायलं गेलं ते पेटी काढूनच. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि 'व्हर्जन' गाण्यांची लाट आली. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीनुसार, ठरावीक काळ गेल्यावर आणि रॉयल्टी भरून, जुनं गाणं नव्या गायकाकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. टी-सीरिजने त्यावर मोठा धंदा उभा केला. कराओके ट्रॅकमागचं कामही याच जातीचं : मूळ गाण्यातून आवाज काढून टाकलेला नसतो, कोणीतरी अख्खं गाणं ऐकून, स्वर उतरवून घेऊन पुन्हा वाजवलेलं असतं. कोण वाजवतं, हे मात्र काकाच्या ४१ व्हीसीडींपैकी एकाही वेष्टनावर छापलेलं नाही.

आधी परदेशी ११ घेतल्या. त्या 'सीडी प्लस जी', म्हणजे ग्राफिक्सवाल्या. साध्या प्लेअरमध्ये गाणं वाजतं, खास प्लेअरमध्ये पडद्यावर शब्दही दिसतात. ते शब्द असतात कुठे? ऑडिओ सीडीवर प्रत्येक सेकंदाचे ७५ भाग असतात. त्या प्रत्येकात आवाजाच्या २३५२ बाइट्ससोबत ९६ बाइट्सची एक बारीक पट्टी असते. या पट्टीतल्या प्रत्येक बाइटमधले दोन बिट गाण्याचा क्रमांक आणि वेळ सांगायला वापरतात. उरलेले सहा बिट मोकळेच होते, त्यांत शब्दांचं चित्र बसवलं. सेकंदाला ३०० आज्ञा, आणि एका आज्ञेत ६ बाय १२ ठिपक्यांची एकच चौकट रंगते. दिसणाऱ्या भागात अशा ७६८ चौकटी, म्हणजे अख्खा पडदा भरायला अडीच सेकंद लागतात. जुन्या कराओकेत शब्द हळूहळू उमटताना दिसायचे ते यामुळे.

आजचा कॉम्प्युटर ऑडिओ सीडी कॉपी करताना आवाजाचे २३५२ बाइट्स घेतो आणि ती पट्टी सोडून देतो. गाणं येतं, शब्द जातात, आणि काही चुकलं असं कोणी सांगत नाही. शिवाय सगळे ड्राइव्ह ही पट्टी वाचून देतही नाहीत. मी जुन्या बाजारातून, बुधवारी एक आणि रविवारी एक, असे दोन जुने ड्राइव्ह आणले. दुसरा चालला. या पट्टीला चुका दुरुस्त करायची सोय आवाजाच्या मानाने तुटपुंजी असते, त्यामुळे ओरखडा आला की आवाज शाबूत राहतो आणि एखाद्या अक्षराच्या जागी ठिगळ दिसतं. मधल्या आज्ञा वाचायच्या राहिल्या तर त्याहून वाईट : फाइल तेवढी आखूड होते आणि तिथून पुढे शब्द गाण्याच्या आधी पळतात. म्हणून प्रत्येक गाण्याच्या आज्ञा मोजायच्या आणि सेकंदाला ३०० भरतात का, ते पाहायचं. अकराच्या अकरा निघाल्या. काकाला त्यांचं फार कौतुक नाही. तो इंग्रजी गाणी गात नाही.

व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. त्याच्या आधी जेव्हीसी आणि फिलिप्स यांनी खास कराओकेसाठी सीडी काढली होती, व्हीसीडी हे तिचंच पुढचं रूप. युरोप-अमेरिकेत ती फारशी चालली नाही, आशियात मात्र घरोघरी गेली. आपल्याकडे २००७च्या सुमाराला मोझर बेअरने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा भाजीच्या पिशवीतून व्हीसीडी घरी येऊ लागल्या.

कराओके व्हीसीडीत एक साधी युक्ती असते. स्टिरिओच्या एका बाजूला नुसतं वादन, दुसऱ्या बाजूला वादन आणि गायकाचा आवाज. प्लेअरच्या रिमोटवर डावं-उजवं निवडायचं : शिकताना गायक ठेवायचा, कार्यक्रमात काढायचा. मी पहिल्या नऊ व्हीसीडी फोनसाठी म्हणून एकाच वाहिनीत, मोनो, करून टाकल्या. दोन्ही बाजू कायमच्या एकत्र झाल्या आणि काकाच्या गाण्यात दुसराच कोणी गायला लागला. चूक सर्वस्वी माझी. सीड्या हाताशी होत्या म्हणून ती निस्तरता आली. मूळ फेकून दिल्यावर लक्षात आली असती तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

व्हीसीडीतली फाइल साधी ओढून कॉपी केली तर बऱ्याचदा मध्येच अडते. चित्र-आवाजाला जास्त जागा मिळावी म्हणून त्या भागात चुका दुरुस्त करणारी माहिती ठेवलेलीच नाही. प्लेअर खराब जागा ओलांडून पुढे जातो, कॉम्प्युटर हट्ट धरून बसतो. कच्चा मजकूर जसाच्या तसा वाचणारी साधनं वापरली, चित्र पुन्हा दाबलं नाही, दोन्ही वाहिन्या वेगळ्या ठेवल्या. ४१ पैकी ३८ आल्या.

उरल्या ३४. खरा प्रश्न त्यांचाच होता, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. विकत मिळणाऱ्या सीडीवर खड्डे साच्यातून दाबलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर तो भाजतो. ऊन, दमट हवा आणि वर्षं यांनी तो रंग बदलतो. त्यावरचा चकाकता थर चकतीच्या मध्ये नसून लेबलच्या बाजूला असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. आपण आयुष्यभर खालची बाजू जपली आणि वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून गाण्याचं नाव लिहिलं. काकाच्या सहा सीड्यांवर अक्षरं जिथे खोल गेली होती तिथेच वाचन अडत होतं. ज्या सीडीवर नाव सगळ्यात ठसठशीत लिहिलं होतं, ती सगळ्यात खराब निघाली.

बाजारातल्या सीडीची प्रत बरोबर आली का, हे इतरांच्या प्रतींशी ताडून बघता येतं. इथे ताडायला दुसरं काही नाही. मी प्रत्येक सीडी दोन ड्राइव्हवर दोनदा वाचली आणि चारही प्रती जुळल्या तरच ती 'पूर्ण' धरली. २३ पूर्ण, ७ अपुऱ्या, ४ गेल्या. काकाचं रफीचं गाणं अपुऱ्यांत होतं. शेवटच्या अंतऱ्याआधीचे चाळीस सेकंद कोणत्याही ड्राइव्हवर आले नाहीत.

याच शहरात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. तिथे फिल्मच्या रिळांबरोबर चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्याही जपल्या आहेत. कधीकाळी लोक त्या चोपड्या बघूनच गायचे, म्हणजे आमच्या व्हीसीडीच्या त्या पूर्वजच. तिथेही सगळं वाचलं असं नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरच्या जुन्या फिल्म जळाल्या. पण काय गेलं यावर निदान बोलणं झालं, कारण काय होतं याची नोंद होती. घरातल्या सीडीची नोंद नसते. तिचं जाणंही कोणाला कळत नाही, कपाट आवरताना ती भंगारात जाते एवढंच.

म्हणून फाइली करताना मी प्रत्येकीत माहिती भरायला बसलो : गाणं, पट्टी, तारीख, वादक. व्हीसीडींच्या वादकाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहावं लागलं, ३८ वेळा. ३४ सीड्यांच्या वादकाचं नाव काकाला पाठ होतं. ते गृहस्थ आता नाहीत. काकाने त्यांच्या मुलीला फोन लावला. वडिलांचं वाजवणं त्यांच्या घरी काहीच राहिलं नव्हतं, कॉम्प्युटर केव्हाच बदलले होते. मी ३० फाइली पाठवल्या, सात अपुऱ्यांसकट. त्यांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की एका गाण्याच्या आधी बाबांचा खोकला ऐकू येतो, तो काढू नका.

मी तो काढणारच होतो. सफाईच्या यादीत लिहिलेलाही होता. आता कुठल्याच फाइलीतून काही काढत नाही.

रफीच्या गाण्याचं काय करायचं, हे काकाला विचारलं. ते चाळीस सेकंद यूट्यूबवरच्या ट्रॅकमधून घेऊन, पट्टी खाली आणून जोडता येतील, असं मी सुचवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नको. तिथे मी पेटी वाजवतो. तू फक्त तेवढी जागा मोकळी ठेव, आणि त्यात ठोके घाल."

मी ठोके घातले. परवा घरी त्याने गाऊन बघितलं. पहिल्या अंतऱ्याला सतारीचा तुकडा संपला आणि तो बरोबर उठला.