रिंगणाबाहेरची माणसे : आर्नहेमची लढाई आणि खेळाची मर्यादा

होऊन गेलेली लढाई खेळ म्हणून मांडता येते का, हा प्रश्न वरवर पाहता वाङ्मयाच्या अभ्यासकाचा नव्हे. परंतु 'मांडणे' ह्या क्रियापदापाशी थोडे थांबले, की तो आपलाही होतो. असंख्य घटनांतून काही निवडणे, त्यांना आरंभ आणि शेवट देणे, कोणाला किती ठाऊक असावे हे ठरवणे ही कामे कादंबरीकार करतो आणि इतिहासकारही करतो. हौशी खेळाडूंसाठी ऐतिहासिक लढाईचा डाव आखणारा संयोजकही तीच करतो. ह्या तिसऱ्याकडे आपल्या चर्चांत सहसा कोणी वळत नाही. येथे आम्ही त्याच्याकडे वळत आहोत.

आमच्या डोळ्यांसमोर आहे तो 'एअरसॉफ्ट' हा खेळ. १९७० च्या दशकात जपानमध्ये तो रुजला. तेथे खरी बंदूक बाळगण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या, पण साधारण ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी फेकणाऱ्या बंदुका हौशी लोकांच्या हाती आल्या. पेंटबॉलमध्ये गोळी फुटून अंगावर रंगाचा डाग पडतो. येथे तसा पुरावा उरत नाही. गोळी लागली की नाही, हे बहुधा ज्याला लागली त्यालाच ठाऊक. म्हणून लागताच हात वर करून आपण बाद झाल्याचे आपणच सांगायचे, असा संकेत आहे. आपल्याकडची मुले ज्याला रडीचा डाव म्हणतात, तो एकाने जरी खेळला तरी सारा खेळ कोसळतो. ज्या खेळात प्रत्येकाने आपला मृत्यू स्वतःच प्रामाणिकपणे जाहीर करायचा असतो, त्याचा इतिहासाशी संबंध जोडला जातो तेव्हा काय होते, हे पाहण्याजोगे आहे.

ह्या संयोजकाचे पूर्वज इंग्रजी वाङ्मयात भेटतात. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'मधले (१७५९-६७) टोबीकाका नामूरच्या वेढ्यात जखमी होऊन घरी परततात आणि कॉर्पोरल ट्रिमच्या मदतीने हिरवळीवर तटबंद्या उभारू लागतात. मार्लबरोच्या सैन्याने युरोपात एखाद्या गावाला वेढा घातल्याची बातमी आली, की त्याच क्रमाने इकडे मातीचे बुरूज ढासळायचे. टोबीकाका इतिहासाच्या पुढे एक पाऊलही टाकत नाहीत. १७१३ मध्ये युट्रेक्टचा तह होतो आणि त्यांचा खेळही संपतो. दुसरे पूर्वज एच. जी. वेल्स. त्यांच्या 'लिटल वॉर्स'मध्ये (१९१३) स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडण्याचे नियम आहेत. एअरसॉफ्टच्या बंदुकीची ही आजीच म्हणावी लागेल. टोबीकाका घडले तसेच घडवतात. वेल्स नियम देतात आणि शेवट मोकळा सोडतात. ऐतिहासिक डाव आखणाऱ्याला ह्या दोघांच्या मधली वाट शोधावी लागते. ती किती अवघड आहे, हे एका लढाईच्या आधाराने पाहू.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन नेदरलँड्समधील आर्नहेम शहराच्या पश्चिमेला उतरू लागली. ऱ्हाइनवरील तेथला पूल ताब्यात घेऊन दक्षिणेकडून येणाऱ्या रणगाड्यांची वाट पाहायची, अशी योजना होती. विमाने अपुरी असल्याने सारे सैन्य एका दिवसात उतरवता आले नाही. उतरण्याच्या जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटरांवर होत्या. बिनतारी यंत्रे नीट चालेनात. शहराच्या आसपास दोन एस. एस. पँझर डिव्हिजन विश्रांतीसाठी थांबलेल्या होत्या. जॉन फ्रॉस्ट ह्यांच्यासह सुमारे ७४० सैनिक पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचले आणि त्यांनी ते २१ तारखेच्या सकाळपर्यंत धरून ठेवले. डिव्हिजनमधील उरलेले सैनिक पश्चिमेकडच्या ओस्टरबेक गावात कोंडले गेले. उतरलेल्या दहा हजारांवर सैनिकांपैकी सुमारे २,४०० जण २५ तारखेच्या रात्री नदी ओलांडून परत आले.

आता ही लढाई मैदानावर आणायची आहे असे समजा. संयोजकाचे पहिले काम सुरक्षिततेचे. डोळ्यांवर गॉगल, प्रत्येक बंदुकीतून सुटणाऱ्या गोळीच्या वेगाची मोजणी, फार जवळून गोळी न झाडण्याचा नियम, पंच, आखलेली हद्द, आणि पोलिसांना व शेजाऱ्यांना आगाऊ सूचना. ह्यानंतर इतिहासाचे काम सुरू होते. गणवेश आणि बंदुका हुबेहूब हव्यात, असा हौशी खेळाडूंचा आग्रह असतो. त्यात बरीच मेहनत आणि पैसा जातो. आम्हांला मात्र वाटते, की आर्नहेमचे सत्य गणवेशाच्या कापडात नसून अभावांमध्ये आहे. पुलावरच्या गटाला मोजक्याच गोळ्या द्याव्यात आणि त्यांची रसद शत्रूच्या हद्दीत पडेल अशी तजवीज करावी. त्यांना संपर्कयंत्रे द्यावीत, पण झाडीच्या पलीकडे ती पोहोचणार नाहीत हे सांगू नये. मदत कधी येणार ते ठाऊक असावे फक्त पंचाला. सैनिकाला जे कळत नव्हते ते खेळाडूलाही कळू न देणे, ही ह्या खेळातील खरी ऐतिहासिकता आहे. कादंबरीत पात्राच्या दृष्टिकोनाला आपण जी मर्यादा घालतो, तीच ही.

शेवटाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पूल पडणारच असे ठरवले, तर खेळाचे नाटक होते, आणि हरण्यासाठी नेमलेला गडी दुपारपर्यंत कंटाळतो. काहीही होऊ शकते म्हटले, तर आर्नहेम हे नाव केवळ पाटीपुरते उरते. ह्यातून निघण्याची एक वाट म्हणजे जिंकण्याची व्याख्याच बदलणे. पूल राखता येणार नाही, हे गृहीत धरावे. तो किती वेळ राखला आणि किती जखमींना मागे आणले, ह्यावर गुण द्यावेत. असे केले, की पराभव निश्चित असूनही प्रत्येक तासाला अर्थ येतो. पाश्चात्त्य शोकात्मिकेच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. शेवट ठाऊक असल्याने तिथे उत्कंठा संपत नाही. ती 'काय होईल' ह्यावरून 'कसे होईल' ह्यावर सरकते.

जर्मन गणवेश कोणी घालायचा, हाही प्रश्न उरतोच. दुसरी बाजू नसेल तर खेळ नाही, आणि ती बाजू म्हणजे केवळ 'दुसरा संघ' नव्हे. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनाला फौजदारी कायद्याने मनाई आहे. तशी मनाई नसलेल्या ठिकाणीही संयोजकाला ठरवावे लागते, की नेमकेपणाच्या नावाखाली काय अंगावर चढवू द्यायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलण्याची युक्ती न्याय्य दिसते. पण खेळात दोन्ही बाजू समान मानाव्या लागतात, आणि इतिहासात त्या समान नव्हत्या. ही विसंगती नियमांनी मिटत नाही. खेळाआधीच्या सूचनांत ती स्पष्ट बोलून दाखवणे, एवढेच संयोजकाच्या हाती असते.

तरीही सर्वांत मोठी अडचण रिंगणात उतरणाऱ्यांची नसून रिंगणाबाहेर राहणाऱ्यांची आहे. टोबीकाकांच्या तोफांसाठी कॉर्पोरल ट्रिम घरातल्या खिडकीची शिशाची वजने काढून नेतो, आणि ती खिडकी धाडकन खाली येऊन लहानग्या ट्रिस्ट्रमला इजा करते. स्टर्नने हा प्रसंग विनोदासाठी लिहिला खरा, पण त्यातले शहाणपण विनोदापुरते नाही. युद्धखेळाचे शिसे कुठल्या तरी घरातून आलेले असते, आणि इजा होते ती खेळात नसलेल्याला.

आर्नहेमच्या लढाईतही घरे होती. ओस्टरबेकमध्ये पाच मुलांची आई असलेल्या केट टेर हॉर्स्ट ह्यांच्या घरात शेकडो जखमी आणले गेले आणि बागेत पन्नासहून अधिक मृतांना पुरावे लागले. कॉर्नेलियस रायनच्या 'अ ब्रिज टू फार' (१९७४) ह्या पुस्तकावरून रिचर्ड ॲटनबरोंनी १९७७ मध्ये काढलेल्या चित्रपटात त्यांची भूमिका लिव्ह उलमनने केली. पुढे 'गांधी' करणारे ते हेच ॲटनबरो. लढाईच्या अखेरीस जर्मनांनी आर्नहेमच्या जवळपास सर्व रहिवाशांना शहराबाहेर काढले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. पुढच्या वसंतात शहर मुक्त होईपर्यंत त्यांना परतता आले नाही. दरम्यान देशाच्या पश्चिम भागात उपासमारीचा हिवाळा आला आणि त्यात सुमारे २० हजार माणसे दगावली. ह्यांपैकी कोणीही एअरसॉफ्टच्या मैदानावर येऊ शकत नाही. भुकेसाठी गुण देता येत नाहीत, आणि निर्वासिताला बाद होण्याचीही सोय नसते.

खेळाला काळाची आणि जागेची हद्द असते, आणि त्या हद्दीत निराळे नियम चालतात, हा विचार योहान हॉइझिंगा ह्या डच इतिहासकाराने 'होमो लुडेन्स'मध्ये (१९३८) मांडला. खोटे खेळणाऱ्यापेक्षा खेळ मोडणारा अधिक अप्रिय का असतो, हेही त्याने सांगितले : पहिला निदान खेळ मानल्याचे सोंग तरी करतो, दुसरा रिंगणच पुसून टाकतो. आधुनिक सर्वंकष युद्धाने पूर्वीच्या युद्धातील खेळाचा उरलासुरला अंशही गमावला, असे त्याचे मत होते. १९४२ मध्ये नाझींनी त्याला अटकेत ठेवले आणि सुटकेनंतरही लायडेनला परतू दिले नाही. खेळाचे हे तत्त्वज्ञान सांगणारा माणूस १ फेब्रुवारी १९४५ रोजी, मुक्तीच्या काही आठवडे आधी, डे स्टेख नावाच्या खेड्यात वारला. हे खेडे आर्नहेमजवळच आहे.

ह्यावरून असे खेळ आखूच नयेत, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. इतिहासकारालाही हद्द आखावीच लागते; पुस्तकाला पाने मर्यादित असतात, आणि शेवटचे प्रकरण कुठे तरी संपवावे लागते. फरक इतकाच, की चांगला इतिहासकार आपण काय वगळले ते सांगतो. संयोजकाकडून आमची अपेक्षा ह्याहून वेगळी नाही. गोळी लागल्यावर खेळाडूने हात वर करून 'मी बाद' म्हणायचे असते. ते पाहणारा दुसरा कोणी नसला तरी म्हणायचे असते. खेळ सुरू होण्यापूर्वी संयोजकानेही तसाच हात वर करून सांगावे, की आर्नहेमचे एवढे आम्ही आत घेतले आहे आणि एवढे बाहेर ठेवले आहे. मग दिवसभर खुशाल खेळावे.