नालवाडी

महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील गाव. वर्धा शहराला लागून, नागपूर रस्त्यावर. एकेकाळी ते शहरापासून दोन मैलांवरचे खेडे होते. आता वस्ती वाढून दोन्ही एक झाली आहेत. नालवाडीची ओळख मात्र विनोबा भावे आणि जमनालाल बजाज यांच्या येथील वास्तव्याने आहे.

धुळ्याच्या तुरुंगातून सुटल्यावर विनोबा डिसेंबर 1932 मध्ये येथील हरिजन वस्तीत राहायला आले. सूत काततो त्याचे पोट त्या मजुरीत भरते का, हे त्यांना स्वतःवरच तपासून पाहायचे होते. खादीचे काम करणाऱ्या चरखा संघाच्या दराने मिळेल तेवढ्याच पैशांत ते राहू लागले. रोज आठ तासांच्या आसपास कताई, आणि तीही एकाच हाताने नव्हे. डावा हातही त्यांनी तयार केला. हाती पडत ते चार-दोन आणे. कातणारीला पोटापुरती मजुरी मिळावी, असा आग्रह गांधीजींनी 1935 मध्ये धरला, त्याच काळातला हा प्रयोग. शरीराने त्याची किंमत मोजली. 1938 मध्ये वजन 88 पौंडांवर आले आणि विश्रांतीसाठी विनोबा पवनारला धाम नदीकाठी गेले.

त्यांच्या प्रेरणेने 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. गोपाळराव वाळुंजकरांनी येथे चर्मालय चालवले. मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे काम एका ब्राह्मण कार्यकर्त्याने हाती घेणे, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती!

जवळच गोपुरी. गोसेवेला वाहून घेतलेले जमनालालजी 1941 च्या अखेरीस येथे झोपडी बांधून राहिले; 11 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांचे निधन झाले आणि गोपुरीतच अंत्यसंस्कार झाले. वर्ध्याच्या बजाजवाडीत देशभरातले पुढारी ज्याच्याकडे पाहुणे म्हणून उतरत, त्या धनिकाचे हे शेवटचे घर. परिसरातील गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या ग्रॅनाइट शिळांवर विनोबांच्या ‘गीताई’चे, म्हणजे भगवद्‌गीतेच्या मराठी पद्यानुवादाचे, अठराही अध्याय कोरलेले आहेत. विनोबांच्या हस्ते 1980 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. विनोबा आणि जमनालालजी यांच्या जीवनावरील प्रदर्शनेही येथे आहेत. शेजारीच विश्वशांती स्तूप आहे.

बहुतेक पर्यटक सेवाग्राम आणि पवनार पाहून परततात. पवनारच्या आधीचे विनोबा समजून घ्यायचे असतील, तर गोपुरीसाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि शिळांवरचा एखादा अध्याय सावकाश वाचावा.