मायकोबॅक्टिरिया, क्षयेतर : प्रयोगशालेय निदान व सर्वेक्षणाचा इतिहास

मायकोबॅक्टिरियम या वंशातील क्षयरोगजंतूंचा समूह व कुष्ठरोगजंतू वगळता उरलेल्या जातींना मिळून क्षयेतर मायकोबॅक्टिरिया असे म्हणतात. त्यांच्या १९० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांतील बहुतेक माती, पाणी व धूळ यांत राहतात व माणसाला अपाय करीत नाहीत. काही जाती मात्र फुप्फुस, लसीका ग्रंथी, त्वचा व हाडे यांत दीर्घकालीन विकार उत्पन्न करतात. फुप्फुसाचा असा विकार लक्षणांवरून वा क्ष-किरण चित्रावरून क्षयापासून वेगळा ओळखणे बहुधा अशक्य असते. यांतील पुष्कळ जंतूंवर क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे निदान चुकल्यास रोगी महिनोन्‌महिने निरुपयोगी औषधे घेत राहतो. या जंतूंचा इतिहास म्हणजे मुख्यतः ते ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास होय.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगजंतूचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांना असे आढळून आले की, या जंतूने एकदा धरलेला रंग अम्लानेही निघत नाही. त्सील व नेल्सन यांनी ही अभिरंजन पद्धती सुधारली आणि पुढे शंभर वर्षे जगभर क्षयाचे निदान प्रामुख्याने तिच्यावर विसंबून राहिले. तथापि अम्लरोधी जंतू म्हणजे क्षयाचाच जंतू, हे समीकरण लवकरच डळमळले. १८८५ मध्ये आल्व्हारेस व टाव्हेल यांनी जननेंद्रियावरील स्रावात तसाच रंगणारा निरुपद्रवी जंतू दाखविला. त्यामुळे मूत्राच्या तपासणीवरून मूत्रपिंडाच्या क्षयाचे निदान करणे धोक्याचे ठरले. १८९७ मध्ये लिडिया राबिनोव्हिच यांना लोण्यात व पुढील वर्षी मलर यांना टिमोथी गवतावर असे जंतू मिळाले. पक्ष्यांचा क्षयजंतू मानवी जंतूहून निराळा असल्याचेही याच सुमारास सिद्ध झाले. १८९६ मध्ये लेमान व नॉयमान यांनी या सर्वांसाठी मायकोबॅक्टिरियम हा वंश सुचविला.

एवढे होऊनही पन्नास वर्षे या जंतूंकडे दुर्लक्ष झाले. याचे एक कारण गिनीपिग हा प्राणी होय. क्षयाच्या जंतूने तो हटकून मरतो, क्षयेतर जंतूंनी बहुधा मरत नाही. म्हणून गिनीपिगला न मारणारा जंतू रोगकारक नव्हे असा नियमच होऊन बसला. संवर्धनात असा जंतू दिसला तर तो बाहेरून शिरलेली अशुद्धी समजून परीक्षानलिका टाकून देण्याची प्रथा होती. ती आळसाने पडलेली नव्हती. तत्कालीन ज्ञानानुसार ती योग्यच होती, हे लक्षात घेतले पाहिजे. दुसरे कारण तापमान हे होय. सर्व संवर्धने ३७° से. तापमानास उबवीत असल्याने त्याहून कमी तापमानात वाढणारे जंतू दिसतच नसत. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅक्कॅलम व सहकाऱ्यांनी बेर्न्झडेल भागातील त्वचाव्रणांतून मा. अल्सरन्स हा जंतू सु. ३३° से. तापमानास वाढवून दाखविला. आफ्रिकेत बुरुली व्रण म्हणून ओळखला जाणारा रोग याच जंतूमुळे होतो. स्वीडनमध्ये १९५१ मध्ये पोहण्याच्या तलावामुळे झालेल्या त्वचाविकारातून मिळालेला जंतूही थंड तापमान पसंत करणारा निघाला व पुढे तो १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडलेला मा. मरिनम हाच असल्याचे ठरले.

खरा बदल घडला तो क्षयरुग्णालयांत. १९४४ नंतर स्ट्रेप्टोमायसीन व १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपलब्ध झाल्यावर औषधे देण्यापूर्वी संवर्धन व औषधसंवेदनशीलता तपासण्याची पद्धत पडली आणि पूर्वी फेकून दिल्या जाणाऱ्या परीक्षानलिकांकडे लक्ष गेले. १९५३ मध्ये कॅनझस सिटी येथील बुहलर व पोलाक यांनी दोन रोग्यांतून मिळालेल्या एका पिवळ्या जंतूचे वर्णन केले. हाच पुढे मा. कॅनझसाय या नावाने प्रसिद्ध झाला. जॉर्जिया राज्यातील बॅटी क्षयरुग्णालयात रंगहीन वसाहती देणारा आणखी एक जंतू वारंवार सापडू लागला व त्याला ‘बॅटी जंतू’ हे नाव पडले (आताचा मा. इंट्रासेल्युलेअर). हे जंतू म्हणजे नव्या औषधांमुळे रूप पालटलेले क्षयजंतूच असावेत, असाही तर्क केला जात होता. आयसोनियाझिडाला न जुमानणारे क्षयजंतू बहुधा कॅटॅलेज हे एंझाइम गमावतात, असे मिडलब्रुक यांनी १९५४ मध्ये दाखविले होते. पिवळे जंतू तर आयसोनियाझिडाला दाद न देताही भरपूर कॅटॅलेज निर्माण करीत. त्यामुळे हा तर्क टिकणे कठीण होते.

या गोंधळात व्यवस्था आणण्याचे श्रेय ई. एच. रन्यन यांचे आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलेले जंतू एकत्र तपासून त्यांनी १९५९ मध्ये चार गट पाडले : प्रकाश पडल्यावरच रंग धरणारे, अंधारातही रंगीत असणारे, रंगहीन वा फिकट, आणि आठवड्याच्या आत वाढणारे शीघ्रवर्धी. या वर्गीकरणास कोणतेही महागडे उपकरण लागत नव्हते. दोन परीक्षानलिका, एक दिवा आणि काळा कागद एवढ्यावर साध्या जिल्हा प्रयोगशाळेलाही पहिला निर्णय देता येई आणि यातच त्याच्या प्रसाराचे रहस्य आहे. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती : गट ही जाती नव्हे व एकाच गटात घातक व निरुपद्रवी दोन्ही जंतू येत. जातिनिर्णयासाठी कोन्नो यांची नियासीन कसोटी (१९५६), नायट्रेट क्षपण, ६८° से. तापमानास टिकणारे कॅटॅलेज, ट्वीन विघटन इ. कसोट्यांची भर पडली. त्या पूर्ण होण्यास आठवडे लागत.

सर्वेक्षणाचा प्रारंभ मात्र प्रयोगशाळेतून नव्हे, तर त्वचाकसोटीतून झाला. बॅटी जंतूपासून बनविलेले पीपीडी-बी हे प्रतिजन वापरून पामर व एडवर्ड्‌झ यांनी अमेरिकी नौदलात भरती होणाऱ्या दोन लाखांहून अधिक तरुणांची तपासणी केली. देशाच्या आग्नेय किनारपट्टीवरील तरुणांत प्रतिक्रियेचे प्रमाण फार मोठे आढळले. यावरून या जंतूंशी संपर्क प्रदेशानुसार बदलतो व तो रोगाविनाच घडतो, हे दिसून आले.

या निष्कर्षाला भारतात अनपेक्षित महत्त्व आले. तमिळनाडूतील तत्कालीन चिंगलपुट जिल्ह्यात बीसीजी लशीची भव्य चाचणी १९६८ मध्ये सुरू झाली व तीत सु. ३,६०,००० लोकांचा समावेश होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या साडेसात वर्षांच्या निष्कर्षांनुसार, थुंकीत जंतू आढळणाऱ्या फुप्फुसक्षयापासून लशीने कोणतेही संरक्षण मिळाले नव्हते. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्षही तसेच होते. ज्या देशात कोट्यवधी मुलांना ही लस टोचली जात होती तेथे हा आघातच होता. त्या भागातील लोकांत पीपीडी-बी प्रतिक्रिया फार मोठ्या प्रमाणात होती व पुढे तेथील थुंकी, माती व पाणी यांतून मा. एव्हियम-इंट्रासेल्युलेअर समूहाचे जंतू मिळाले. क्षयेतर जंतूंच्या संपर्काने थोडी प्रतिकारक्षमता आधीच येते व लशीचा अधिक लाभ झाकला जातो, ही पामर व लाँग यांनी १९६६ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून मांडलेली कल्पना त्यामुळे पुढे आली. ती सर्वांत समाधानकारक वाटते. परंतु बाहेरून पुनःपुन्हा होणारे संक्रामण इ. अन्य कारणेही सुचविली गेली आहेत. लहान मुलांतील मस्तिष्कावरणाच्या क्षयापासून लस संरक्षण देते, म्हणून तिचा वापर चालू राहिला.

१९८० नंतर एड्‌समुळे चित्र पालटले. पूर्वी अत्यंत विरळ असलेला मा. एव्हियमचा सर्वांगव्यापी संसर्ग या रोग्यांत नित्याचा झाला व हा जंतू रक्ताच्या संवर्धनातून मिळू लागला. किरणोत्सर्गी कार्बनयुक्त द्रव माध्यम वापरणाऱ्या पद्धतीने संवर्धनाचा अवधी आठवड्यांवरून दिवसांवर आला. १९९० नंतर अनुस्फुरक माध्यमाने तिची जागा घेतली. डीएनए संकरण, जनुकक्रम निर्धारण व अलीकडे प्रथिनांच्या द्रव्यमान वर्णपटाचा उपयोग यांमुळे रासायनिक कसोट्या बव्हंशी मागे पडल्या.

सर्वेक्षणातील मूळ अडचण तंत्राची नाही. क्षयाचा एक जंतूही रोगाचा पुरावा असतो. क्षयेतर जंतू मात्र नळाच्या पाण्यातून नमुन्यात शिरू शकतो. श्वासनलिकादर्शक धुण्याच्या यंत्रातील जंतूंमुळे निरोगी माणसे रोगी ठरल्याचे प्रसंग घडले आहेत. म्हणून फुप्फुसविकाराच्या निदानासाठी लक्षणे व क्ष-किरण चित्र यांबरोबर निरनिराळ्या वेळच्या किमान दोन थुंकींतून तीच जाती मिळावी, अथवा श्वासनलिका धुऊन घेतलेल्या एका नमुन्यातून ती मिळावी, असा निकष ठरला. केवळ प्रयोगशाळेच्या नोंदी मोजून रोगाचे प्रमाण कळत नाही. अमेरिकेत १९८१–८३ च्या पाहणीत ते लाखात १·८ आढळले. जपानमध्ये २०१४ मध्ये फुप्फुसविकाराचे नवे रोगी लाखात १४·७ होते. बहुतेक देशांत या रोगाची नोंद सक्तीची नाही. तरीही दक्ष नोंदींचे मोल हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या मा. किमेरा संसर्गात दिसून आले. शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी वा वर्षांनी उद्‌भवणाऱ्या या घातक विकाराचे मूळ रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्रांच्या पाण्यात असल्याचे झुरिकमधील तपासानंतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या देशांतील रोग्यांचे जंतू जनुकसंचाच्या दृष्टीने जवळजवळ एकच असल्याचे २०१७ मध्ये आढळले व दूषितीकरण यंत्रनिर्मितीच्या ठिकाणीच झाले असावे, असे अनुमान निघाले.

भारतात शीघ्रवर्धी जंतूंचे संसर्ग दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांच्या छिद्रांत व इंजेक्शनांच्या जागी अनेकदा आढळले आहेत. उपकरणांचे अपुरे निर्जंतुकीकरण व ती नळाच्या पाण्याने धुणे, ही त्यांची नेहमीची कारणे होत. फुप्फुसविकारात मात्र दीर्घकाळ केवळ सूक्ष्मदर्शकावर भिस्त असल्याने असे रोगी औषधाला दाद न देणारे क्षयरोगी म्हणून गणले जाण्याचा संभव होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये पुरस्कारिलेल्या जनुकीय कसोटीने यात फरक पडला : सूक्ष्मदर्शकाखाली अम्लरोधी जंतू दिसतात पण या कसोटीत क्षयजंतू आढळत नाही, तेव्हा क्षयेतर जंतूचा संशय घेतला जातो. द्रव संवर्धनातील अम्लरोधी जंतू एमपीटी ६४ या प्रतिजनाची कसोटी न दाखवील, तर त्याची नोंद ‘क्षयेतर’ एवढीच होते. पुढील जातिनिर्णय मोजक्याच प्रयोगशाळांत केला जातो.