गावाचे नाव हेच आडनाव

समाज व्यक्तीला घडवितो की व्यक्ती समाजाला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. थोरांची चरित्रे वाचताना आपण एका बाजूस झुकतो आणि सामान्यांची स्थिती पाहिली की दुसरी बाजू पटू लागते. या प्रश्नाच्या विचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या अंत्रुज महालातील देवळे आणि त्यांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला कलावंत समाज यांचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळांवर संकट आणले तेव्हा अनेक दैवते नदीपलीकडे अंत्रुजात आणण्यात आली. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. नव्या ठिकाणी देवस्थाने स्थिरावली, महाजन आणि सेवेकरी यांची व्यवस्था लागली. या व्यवस्थेत प्रत्येकाचे स्थान जन्मानेच निश्चित होत असे. कलावंतांच्या मुलीचा शेंस विधी झाला की लौकिक विवाह तिला वर्ज्य ठरे. तिने पालखीपुढे व उत्सवात गावे, नाचावे आणि एखाद्या यजमानाच्या आश्रयाने आयुष्य काढावे, अशी रूढी होती. तिच्या मुलांना पित्याचे नाव मिळत नसे आणि त्याच्या मालमत्तेत वाटाही नसे.

या रूढीने काय दिले आणि काय नाकारले, हे दोन्ही पाहिले पाहिजे. ज्या काळी कुलीन घरातील मुलीने गाणे म्हणजे घराण्याला कमीपणा मानला जाई, त्या काळी कलावंतांच्या घरी मुलगी कळू लागल्यापासून सुरांत वाढत होती. तिला गुरू मिळे, रियाजाला वेळ मिळे, ऐकणारे जाणकार मिळत. हे देणे लहान नव्हते. मात्र ते देणाऱ्या समाजाने तिला कलेचा अधिकार दिला आणि गृहिणीचा मान नाकारला. तिचे गाणे सभामंडपात हवे होते. महाजनांच्या पंक्तीत तिला स्थान नव्हते.

केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ मध्ये केरी गावी झाला. अनेक गुरूंकडे थोडेथोडे शिकून अखेर त्यांनी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब यांची तालीम मिळविली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्याकडे कठोर साधना केली. १९०४ मध्ये कुर्डी येथे जन्मलेल्या मोगूबाईंना त्यांच्या आईने बालवयातच नाटक मंडळीत नेले. आईचे छत्र लवकर हरपले. तरी ज्या गायकीचा त्यांनी ध्यास घेतला ती त्यांनाही खाँसाहेबांकडूनच लाभली. मास्टर दीनानाथ १९०० मध्ये मंगेशी येथे जन्मले. आई येसूबाई देवळाच्या सेवेतील गायिका आणि वडील तेथीलच अभिषेकी. मुलाने आडनाव लावले ते मात्र गावाचे, मंगेशकर. १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन झाली तेव्हा ते अठराव्या वर्षात होते.

केरकर, कुर्डीकर, मंगेशकर या आडनावांकडे जरा थांबून पाहावे. गावावरून आडनाव पडणे आपल्याकडे सर्वत्र आहे. परंतु इतरांच्या आडनावामागे कुळ उभे असते. येथे पित्याचे नाव नाकारले गेल्याने गावच कुळ झाले. समाजाने जे दिले नाही, त्याच्या रिकाम्या जागेतूनही माणूस घडत असतो, हे या नावांवरून ध्यानात येते.

साहित्यानेही ही वेदना ओळखली. पैंगिणीचे राजाराम पैंगणकर यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘मी कोण?’ असे नाव दिले. एरवी हा प्रश्न वेदान्ताचा. येथे तो समाजाला विचारलेला आहे. कवी बा. भ. बोरकर यांनी ‘भावीण’ ही कादंबरी लिहून देवळाच्या सेवेतील स्त्रीला कथेच्या मध्यभागी आणले.

पुढे काळ पालटला. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना शिक्षणाची व नागरी हक्कांची दारे अधिक मोकळी झाली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. पैंगणकरांसारख्यांच्या प्रयत्नांमुळे कलावंत, भाविणी, देवळी अशी विखुरलेली माणसे गोमंतक मराठा समाज या एका नावाखाली आली. मुलींची लग्ने होऊ लागली, मुलगे शाळेत गेले. याच समाजातील दयानंद बांदोडकर १९६३ च्या डिसेंबरात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. समाजाने घडविलेल्या माणसांनी समाजाची घडी बदलली ती अशी.

या परिवर्तनात एक विसंगतीही आहे. प्रतिष्ठा मिळावी म्हणून या समाजातील अनेक घरांनी मुलींचे गाणे बंद केले. ज्या कलेने नाव दिले तीच कलंकाची खूण वाटावी, हा दोष त्या घरांचा नव्हे. कलेला अपमानाशी जखडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे आणि त्या व्यवस्थेत आपली देवस्थानेही होती.

१९७७ मध्ये व्हॉयेजर याने अंतराळात गेली, त्यांवरील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या. कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष काही दिवस दिसतात. संगीताच्या जगात मात्र कुर्डीचे नाव मोगूबाईंमुळे बाराही महिने पाण्यावर आहे. ज्यांना कुळाचे नाव मिळाले नाही, त्यांनी गावांना नाव दिले.

स्मरणिकेत जीर्णोद्धार करणाऱ्यांची, वर्गणीदारांची, समितीच्या सभासदांची नावे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासोबत देवाच्या पालखीपुढे गायलेल्या, सारंगी व तबला धरलेल्या सेवेकऱ्यांची नावेही जुन्या दप्तरांतून आणि वृद्धांच्या आठवणींतून शोधून नोंदविली पाहिजेत. बहुतेक जणी केसरबाई झाल्या नाहीत. गाऊन त्या घरी गेल्या आणि विसरल्या गेल्या. देवळाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळले तर तो इतिहास अपुरा राहील. हे काम महाजनांनीच हाती घ्यावे, कारण दप्तरे त्यांच्याच स्वाधीन आहेत.