पोहण्याच्या पायऱ्या

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपण सहज म्हणून जातो. मी बदलापूरच्या कात्रपचा. आमच्या लहानपणी उल्हास नदीत पोरं पाठीला रिकामा डबा नाही तर सुकलेला भोपळा बांधून शिकायची. शिकवणारा कुणीतरी मामा किंवा चाचा. तो स्वतः पट्टीचा पोहणारा असे. पण बुडणाऱ्याला बाहेर काढणं त्याला जमतं का, हे कुणी तपासलेलं नसे. आणि पाण्यात पडूनही ज्यांना पोहता आलं नाही, ते ही म्हण सांगायला मागे उरले नाहीत.

हे तपासणं आलं कुठून? १८६९ साली लंडनमधले काही पोहण्याचे क्लब एकत्र आले. शर्यतींचे नियम कोणते, हौशी कुणाला म्हणायचं, यावर त्यांनी बराच काथ्याकूट केला. त्यातून इंग्लंडची हौशी जलतरण संघटना उभी राहिली. शतकाहून अधिक काळानंतर त्याच संघटनेने एक पाऊल पुढे टाकलं. पोहणाऱ्याची वेळ मोजतो, तसा क्लबही मोजायला हवा! प्रशिक्षक पात्र आहेत का, मुलं सुरक्षित आहेत का, कारभार चोख आहे का आणि शिकाऊ पोराला शर्यतीपर्यंत नेणारी वाट आहे का, हे पाहून क्लबांना मान्यता मिळू लागली. 'स्विम ट्वेंटीवन' हे तिचं आधीचं नाव, 'स्विममार्क' नंतरचं.

आपल्याकडे गुणांची वाण कधीच नव्हती. वाराणसीच्या गंगेत हात मारणारे सचिन नाग कोलकात्याच्या हाटखोला क्लबात गेले आणि १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० साली ग्वांगझूला कांस्यपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत जलतरणातलं आपलं त्याआधीचं पदक १९८६ चं, खजानसिंगांचं. मधे चोवीस वर्षं कोरडी गेली. खाडेलाही तयारीसाठी बंगळूर गाठावं लागलं. नदीपासून पदकापर्यंतच्या पायऱ्या आपल्याकडे अशा दूरदूर, आणि मधल्या कितीतरी गायब.

पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. म्हणजे माणसाला प्रमाणपत्र मिळतं. पण ज्या तलावावर तो शिकवतो, त्याला कोण पारखतं?

हा प्रश्न पदकांपुरता नाही. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पाणी आमच्या दाराशी न विचारता येतं.

म्हणून पालकांना एवढंच सांगेन. पोराला तलावावर घालताना निळीशार फरशी पाहून भुलू नका. शिकवणारा कुठे शिकला, एका शिक्षकामागे मुलं किती, काठावर जीवरक्षक आहे का आणि पोर तयार झालं की पुढे कुठे पाठवणार, हे चार प्रश्न विचारा. सरकारी शिक्का येईल तेव्हा येवो. तोवर आपली पारख आपणच करायची.