पहारेकऱ्याचा धनी कोण?

कारखान्याच्या दारावर रात्र जागून काढणारा पहारेकरी नेमका कोणाचा नोकर, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु त्याच्या भाकरीचे सारे गणित त्यातच अडकलेले असते. दार कारखान्याचे, हुकूम मॅनेजरचा, पगार मात्र कंत्राटदाराच्या हातून! रजा वा भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट निघाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवावयास मोकळे.

ही कोंडी फोडण्याकरिता महाराष्ट्र शासनाने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. त्यातील कल्पना मात्र जुनी होती. गोदी कामगारांसाठी केंद्राने १९४८ साली कायदा केला होता. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा आला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. तीच रीत आता पहारेकऱ्यांस लागू झाली. मालक, रक्षक व शासन या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे. मालकाने वेतन व त्यावरील अधिभार मंडळाकडे भरावयाचा आणि मंडळाने रक्षकास वेतन चुकते करावयाचे. मधला हात काढून टाकला, हीच यातील खरी करामत.

तो पुरता निघाला मात्र नाही. कायद्याहून कमी नसलेले लाभ ज्यांना मिळतात, अशा रक्षकांपुरती सूट देण्याचा अधिकार कलम २३ ने शासनास दिला, आणि त्या वाटेने एजन्सी टिकून राहिल्या. शिवाय मालकाने स्वतः थेट नेमलेला कायम पहारेकरी या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. केंद्राचा २००५ चा कायदा देशभर लागू झाला खरा. पण त्याची नजर मुख्यतः एजन्सीच्या परवान्यावर व रक्षकाच्या प्रशिक्षणावर आहे. मंडळाची सोय त्यात नाही.