तेल कुठं मुरतंय?

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत पौडकडे निघालं की एक दृश्य हमखास दिसतं. गॅरेजच्या दारात रंग उडालेला जुना जेसीबी, मागचा हात जमिनीवर टेकवलेला, खाली पत्र्याचा डबा आणि त्यात थेंब थेंब पडणारं काळं तेल. शेजारी मालक फोनवर कुणाला तरी समजावत असतो, "उद्या नक्की येतो, आज मशीनला ताकदच नाहीये."

ताकद नाही म्हणजे नक्की काय? इंजिन तर व्यवस्थित चालू असतं. मग ताकद गेली कुठे? याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट सतराव्या शतकात पोचतो, आणि वाटेत खुद्द मुळशी धरण लागतं. म्हणून हा आठवड्याचा लेख.

तर सुरुवात धरणापासून. दाबावर यंत्रं चालवणं मुळशीला नवीन नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरणाचं काम काढलं ते १९२० च्या सुमारास. कल्पना साधी पण जबरदस्त होती. पूर्वेकडे वाहून जाणारं सह्याद्रीचं पाणी अडवायचं आणि बोगद्यातून पश्चिमेला वळवून कोकणात उतरवायचं. घाटमाथ्यापासून भिऱ्यापर्यंत साधारण ५०० मीटरची उतरण. एवढ्या उंचीचं पाणी नळात उभं राहिलं की तळाशी जवळजवळ ५० बार दाब तयार होतो. आपल्या कारच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार! १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला जाऊ लागली. कोलाडला राफ्टिंग केलं असेल तर तुमच्या बोटीखालचं पाणी म्हणजे भिऱ्याहून सोडलेलं हेच मुळशीचं पाणी.

याची किंमत मात्र मुळशीच्या ५२ गावांनी मोजली. भाताची खाचरं पाण्याखाली जाणार हे कळल्यावर १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटेही त्यात आघाडीवर होते. १९२४ पर्यंत लढा चालला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण तरी झालंच. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांपैकी हा एक.

आता जेसीबीकडे वळू. भिऱ्यात दाब येतो उंचीमुळे. जेसीबीत उंची नाही, तिथे पंप आहे. जुन्या मशीनमध्ये साधारण १७० ते २०० बार दाब चालतो, नवीन मशीनमध्ये त्याहूनही जास्त. २०० बार म्हणजे २००० मीटर उंच नळातलं पाणी. कळसूबाई आहे १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच नळाच्या तळाशी असेल तेवढा दाब त्या मनगटाएवढ्या सिलिंडरमागच्या रबरी पाइपात असतो.

या दाबाचं गणित मांडलं ब्लेझ पास्कलने. कोंडलेल्या द्रवाला कुठेही दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. त्याचा ग्रंथ छापला गेला १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २०० बार लावले तर सुमारे १६ टन जोर मिळतो. हिशोब करून बघा, शाळेतलंच गणित आहे. :)

पण नियम कळल्यावर यंत्र तयार व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं १७९५ मध्ये. अडचण ताकदीची नव्हतीच, गळतीची होती. दाब वाढला की पिस्टनच्या कडेने पाणी बाहेर. कडा आवळून बंद करावी तर पिस्टन हलेना. ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेने त्यावर चामड्याची वाटीच्या आकाराची कडी बसवली असं सांगतात. दाब वाढला की ती आपोआप जास्त घट्ट बसते, आणि दाब उतरला की सैल पडते. गळणाऱ्या पाण्यालाच राखणदार केलं म्हणा ना! आजच्या जेसीबीतल्या सिलिंडरच्या सील किटमागे मूळ विचार हाच आहे, फक्त चामड्याच्या जागी रबर आणि प्लास्टिक आलं. पुढे १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सनला साध्या गोल रबरी रिंगचं, म्हणजे ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट मिळालं. हीच ओ-रिंग थंडीत कडक पडल्यामुळे १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं. काही रुपयांची वस्तू कुठवर नेऊ शकते बघा.

दुसरीकडे ट्रॅक्टरवर पंप येत होता. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक लिफ्ट होती, नांगर उचलायला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत वेन-रॉय नावाच्या छोट्या कंपनीने ट्रॅक्टरच्या पाठीला तेलाच्या दाबावर चालणारा खोदायचा हात लावून विकायला सुरुवात केली. तोपर्यंत खोदायची यंत्रं म्हणजे तारेचे दोर आणि कप्प्यांची अवजड धुडं होती. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ मध्ये एका गॅरेजमध्ये ट्रेलर बनवण्यापासून सुरुवात केली होती. त्याने १९५३ मध्ये आपला पहिला बॅकहो आणला. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. भारतात ही कंपनी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारीत आली, कारखाना हरियाणात बल्लभगडला. २००३ मध्ये तिने पूर्ण मालकी घेतली. तोवर आपल्याकडे 'जेसीबी' हे कंपनीचं नाव राहिलंच नव्हतं. कुठल्याही कंपनीचं पिवळं मशीन असो, ते जेसीबीच. २०१९ मध्ये जेसीबीच्या खुदाईवर देशभर विनोद फिरले तेव्हा तर कळसच झाला.

आणि मुळशी? हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं. म्हणजे आपल्यातले कितीतरी जण रोज मुळशीतच कामाला जातात. ऑफिसचा पाया, फार्महाऊसचा रस्ता, डोंगर कापून काढलेले प्लॉट, सगळीकडे हेच मशीन फिरलंय. जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला आणि गेला. 'मुळशी पॅटर्न' सिनेमा २०१८ मध्ये आला तो यावरच. त्या पैशातून कुणी गाडी घेतली, कुणी जुना जेसीबी घेतला. ज्याने जेसीबी घेतला त्याचं घर त्या तेलाच्या दाबावर चालतं. मशीन उभं राहिलं की त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून 'ताकद नाही' या तक्रारीचा छडा नीट लावावा लागतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पंप दाब तयार करत नाही! पंप फक्त तेल पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो समोरच्या अडवणुकीमुळे. हात नुसता हवेत हलवला तर गेजचा काटा फारसा चढत नाही. तोच हात मुरमात घातला की काटा सरसर वर जातो. मग ताकद गेली याचा अर्थ काय? जोर लावल्यावर तेल पुढे जायच्या ऐवजी दुसऱ्याच वाटेने पळतंय. आपण म्हणतो ना, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे तेल मुरतंय.

चांगला फिटर पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो. आपल्या डीबगिंगसारखंच आहे हे, प्रत्येक उत्तराने अर्धा भाग वगळायचा.

१. एकच हालचाल मंद आहे की सगळ्या? एकच असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. सगळ्याच मंद असतील तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: टाकीतलं तेल, फिल्टर, पंप, मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह.

२. सकाळी चांगलं चालतं आणि दुपारी दम सोडतं का? तापल्यावर तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या आतल्या फटीतून मागे फिरतं. बाहेर एक थेंब दिसत नाही.

३. पंप रडल्यासारखा आवाज करतो आणि टाकीत फेस येतो का? मग टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप तपासायचा. तिथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे क्लॅम्प सैल असला तरी तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. फरशी कोरडी म्हणजे गळती नाही असं समजणारा इथेच फसतो.

४. तेल दुधाळ झालंय का? थोडं बाटलीत काढून ठेवायचं. काही वेळाने निवळलं तर हवा, तसंच राहिलं तर पाणी. मुळशीच्या पावसात उघड्यावर उभ्या मशीनला हे दुखणं ठरलेलं.

५. पुढचा लोडर उचलून ठेवला की हळूहळू खाली बसतो का? सगळे पहिला आळ पिस्टनच्या सीलवर घेतात. पण व्हॉल्व्ह पक्का बंद असेल तर फक्त सील गेल्याने लोडर पार खाली येत नाही. वरच्या बाजूला रॉडने जागा व्यापलेली असते, तिथे खालचं सगळं तेल मावतच नाही. म्हणजे तेलाला बाहेरची वाट मिळालेली असणार. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि पाइप आधी तपासायचे, मग सिलिंडर उघडायचा.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल एक. दाब मर्यादेबाहेर गेला की तेल टाकीत परत सोडायचं हे त्याचं काम. त्याचा स्क्रू आवळला की मशीनला ताकद येते असा एक समज आहे. कधीकधी क्षणभर येतेही. पण दोष झिजलेल्या पंपात असेल तर तो तिथेच राहतो, आणि नंतर एक दिवस जुना पाइप फुटतो. गेज लावून, कंपनीने दिलेला आकडा बघूनच तो स्क्रू फिरवायचा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आतलं मांस सडायला लागतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती हात फिरवून कधीही शोधायची नाही, लांबून पुठ्ठा धरून शोधायची. आणि तेल घुसलंच तर त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाऊन 'दाबाखालचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं. तसंच पाइप सोडवण्याआधी बूम आणि लोडर जमिनीवर टेकवायचे, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर पुढे-मागे हलवून अडकलेला दाब सोडायचा. उचललेल्या लोडरखाली फक्त तेलाच्या भरवशावर कुणी जायचं नाही.

असो, लेख लांबला. तुमच्या ओळखीत कुणी जुनं मशीन चालवत असेल तर बाकी इतिहास राहू द्या, पुठ्ठ्याची गोष्ट तेवढी त्याला नक्की सांगा.